एकसर आणि समांतर

'सर' हा शब्द मूळचा आपल्या घरांतील दागिन्यांच्या डब्यांतला आहे. एका दोऱ्यांत ओंवलेल्या मण्यांची जी एक ओळ, तो सर. आणि जिला अशी एकच ओळ, ती एकसर माळ. दोरा एका ठिकाणीं तुटला कीं सगळे मणी ओसरीभर होतात, एकही जागेवर राहत नाहीं. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत विजेच्या जोडणीचे जे दोन प्रकार सांगितलेले असतात, त्यांतील पहिल्यास 'एकसर' हें नांव ज्या कोणीं दिलें त्यानें मोठें समर्पक नांव दिलें. दुसऱ्याचें नांव 'समांतर'. तें मात्र जरा जपून समजून घ्यावें लागतें. भूमितींतील समांतर रेषा कितीही वाढविल्या तरी एकमेकींस मिळत नाहींत. विजेच्या समांतर वाटा मात्र दोन्ही टोंकांस मिळालेल्याच असतात. एका नाक्यावरून निघावें, निरनिराळ्या वाटांनीं जावें, आणि सर्वांनीं पुन्हां एकाच नाक्यावर यावें, असा त्यांचा क्रम आहे.

मुलें हीं दोन नांवें परीक्षेपुरतीं पाठ करतात आणि वडील मंडळी तीं मुलांच्या अभ्यासांतलीं म्हणून सोडून देतात. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, ज्या घराचें माजघर आजोबांच्या वेळचें, मागची पडवी वडिलांनीं काढलेली व माडी अलीकडे मुलांनीं चढविलेली आहे, आणि प्रत्येक वाढीबरोबर जुन्याच तारेला नवी तार पिळून जोडली गेली आहे, त्या घरांत या दोन शब्दांचा अर्थ कळण्यावर प्रसंगीं माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून या खेपेस तोच विषय घेतला आहे.

वीज डोळ्यांस दिसत नाहीं. तेव्हां प्रथम पाण्याकडे पाहूं. आम्हां मुळशी तालुक्यांतील लोकांस त्यासाठीं दूर जावयास नको. मुळा नदीवर मुळशीस टाटा कंपनी धरण बांधूं लागली, तेव्हां १९२१ सालच्या रामनवमीस येथील मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, आणि पुढें सेनापति बापट यांनीं त्याचें पुढारीपण केलें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या लढ्यानें धरण थांबलें नाहीं. गांवें आणि भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२७ सालीं त्या पाण्यावर भिरा येथील वीजघर सुरू झालें. वीज गेली मुंबईकडे. ज्या खोऱ्यानें त्या विजेसाठीं जमीन दिली, त्या खोऱ्यांतील माणसास निदान तिचा स्वभाव तरी नीट ठाऊक असावा, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

मुळशीच्या जलाशयांतील पाणी सह्याद्रीच्या कड्यापर्यंत नेऊन तेथून मोठमोठ्या नळांनीं सुमारें ५०० मीटर खालीं, कोंकणांत भिऱ्यास सोडलेलें आहे. तेथें अनेक जलचक्रें आहेत, आणि प्रत्येक चक्रावर येणारें पाणी थेट कड्यावरूनच आलेलें असतें. एका चक्रास फिरवून गेलेलें पाणी शेजारच्या चक्राच्या वांट्यास येत नाहीं. त्यामुळें प्रत्येकास उतार पूर्ण मिळतो. एखादें चक्र दुरुस्तीसाठीं थांबविलें तरी बाकीचीं फिरत राहतात. मात्र जितकीं चक्रें अधिक, तितकें पाणी वरून अधिक ओढलें जातें. ही झाली समांतर जोडणी.

आतां कोयनेकडे पहा. कोयनेचें जें पाणी पोफळीच्या वीजघरांत पडतें, तेंच पुढें कोळकेवाडीच्या धरणांत अडवून दुसऱ्यांदां खालीं सोडतात व त्यावर तिसऱ्या टप्प्याचें वीजघर चालतें. येथें पाणी एकच आहे. तें आधीं एकाचें काम करतें, मग दुसऱ्याचें. एकूण उतार मात्र दोघांत वांटला गेला. वरच्या घरांतून पाणी येणें थांबलें, तर कोळकेवाडीचा सांठा पुरेल तोंवरच खालच्या घरास अवधि. ही एकसर जोडणी. वीजघरें बांधणाऱ्यांनीं दोन्ही रीती आपापल्या जागीं विचारपूर्वक योजिल्या आहेत. डोंगराचा उतार जसा मिळाला तशी योजना झाली.

या दृष्टांतांत उताराच्या जागीं विजेचा दाब घाला, पाण्याच्या जागीं विजेचा प्रवाह घाला, आणि चक्राच्या अडथळ्याच्या जागीं उपकरणाचा रोध घाला. दाब व्होल्टमध्यें मोजतात, प्रवाह अँपिअरमध्यें, रोध ओहममध्यें. दाबास रोधानें भागलें कीं प्रवाह येतो, हा नियम जर्मनींतील ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केला. ते त्यापूर्वीं कित्येक वर्षें कोलोन येथील शाळेंत शिकवीत होते, हें सांगतांना माझ्यासारख्या शाळामास्तरास थोडा अभिमान वाटतो. पुढें १८४५ सालीं किर्खोफ यांनीं दोन नियम सांगितले. नाक्यावर जितका प्रवाह येतो तितकाच तेथून जातो, हा एक. आणि पूर्ण फेरी करून आलें असतां मिळालेला दाब व खर्च झालेला दाब सारखे भरतात, हा दुसरा. घरांतील विजेचा सगळा हिशेब या तीन नियमांत सांपडतो.

आपल्या घरांत येणाऱ्या दोन तारांत, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांत, २३० व्होल्टचा दाब असतो. समजा, १००० वॅटच्या दोन सारख्या शेगड्या आपण एकसर जोडल्या. दाब दोघींत वांटला जाऊन प्रत्येकीस ११५ व्होल्ट मिळतील. त्यामुळें प्रत्येकीची उष्णता निम्मी होईल असें कोणासही वाटेल. परंतु रोध दुप्पट झाल्यामुळें प्रवाहही निम्मा होतो, आणि निम्म्याचा निम्मा म्हणजे चतुर्थांश. प्रत्येक शेगडी जेमतेम २५० वॅट देईल; दोघी मिळून एकटीच्या निम्मेंच काम करतील. शिवाय एकीची तार तुटली कीं दुसरीही थंड. अशा घरांत देवघरांतला दिवा मालवला कीं स्वयंपाकघरांत अंधार व्हावयाचा. म्हणून घरांतील दिवे, पंखे, शीतपेटी, गीझर हीं सर्व समांतर जोडलेलीं असतात. प्रत्येकास पूर्ण २३० व्होल्ट, आणि कोणाच्या बंद होण्यानें दुसऱ्याचें अडत नाहीं. एडिसन यांनीं १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत वीज पुरविण्यास आरंभ केला, तो याच पद्धतीनें. दिवाळीच्या जुन्या माळा मात्र खरोखरीच एकसर असत. ६ व्होल्टचे इवलेसे चाळीसेक दिवे एका तारेंत ओंवले म्हणजे सर्वांचा मिळून दाब २३० व्होल्टच्या जवळ जाई. आणि एक दिवा गेला कीं तो शोधण्यांत घरांतील मुलांची संध्याकाळ जाई.

मग घरांत एकसर असें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें फार महत्त्वाचें आहे. विजेचा मीटर, मुख्य बटण, फ्यूज किंवा त्याच्या जागीं आलेली एम.सी.बी. नांवाची आपोआप उडणारी कळ, आणि प्रत्येक दिव्याचें बटण, हीं सर्व एकसर जोडलेलीं असतात. यांपैकीं कोणतीही गोष्ट आपली सेवा करीत नाहीं. तीं मोजतात, थांबवितात व राखण करतात. राखणदार वाटेवरच उभा असला पाहिजे. आडवाटेला बसून त्याचा उपयोग नाहीं. म्हणून एक लहानसें सूत्र ध्यानांत ठेवावें: ज्यानें काम करावयाचें तें समांतर, ज्यानें आवर घालावयाचा तें एकसर.

या सूत्रास एक पुरवणी आहे. एकसर जोडणींत बटण दिव्याच्या अलीकडे असो वा पलीकडे, दिवा दोन्ही रीतींनीं लागतो आणि मालवतो. दिव्याच्या दृष्टीनें दोहोंत भेद नाहीं. माणसाच्या दृष्टीनें मात्र आहे. बटण न्यूट्रलवर बसविलें असेल तर दिवा मालवलेला दिसतो, परंतु होल्डरपर्यंत फेजचा दाब तसाच उभा असतो; आणि स्टुलावर चढून दिवा बदलणाराचा हात त्याला लागतो. म्हणून बटण फेजवरच हवें. जुन्या घरांत दोन्ही तारांवर फ्यूज बसविलेले आढळतात. त्यांतील न्यूट्रलवरचा आधीं वितळला तर सगळें घर अंधारांत, आणि तरीही सगळ्या तारा दाबाखालीं, अशी फसवी स्थिति होते. म्हणूनच न्यूट्रलवर फ्यूज घालण्यास नियमानें मनाई आहे.

समांतर जोडणीचें सुख आपण पाहिलें. आतां तिचें मोल पाहूं. भिऱ्यास चक्रें वाढलीं कीं वरून पाणी अधिक ओढलें जातें, तसेंच घरांतही होतें. २००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपिअर घेतो, १८०० वॅटची विजेची चूल सुमारें ७.८, आणि १००० वॅटची इस्त्री सुमारें ४.३. सकाळीं एकाच वेळीं एकाचें स्नान, एकीचा स्वयंपाक व एकाची कचेरीची घाई असली, आणि हीं तिन्ही उपकरणें एकाच शाखेवर असलीं, तर त्या शाखेच्या मूळ तारेंतून सुमारें २१ अँपिअर जातात. प्रत्येक उपकरण आपल्यापुरतें निर्दोष आहे. भार पडतो तो सर्वांच्या सामाईक तारेवर. कारण ती तार सर्वांशीं एकसर आहे. आणि तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. विहिरीचा पंप सुरू होतांच क्षणभर दिवे मंद होतात, तेंही यामुळेंच. सामाईक तारेंत दाबाचा कांहीं भाग खर्च होतो, आणि दिव्यांस उरलेला मिळतो.

अशा वेळीं १६ अँपिअरची कळ उडते, किंवा फ्यूजची तार वितळते. फ्यूज म्हणजे माळेंत मुद्दाम ठेविलेली कच्ची कडी होय. तुटावयाचेंच असेल तर तें तेथें, डोळ्यांसमोर, चिनीमातीच्या खोक्यांत तुटावें, हा हेतु. परंतु फ्यूज वारंवार जातो म्हणून त्रासून त्यांत तांब्याची जाड तार गुंडाळणारे हात प्रत्येक गांवीं आहेत. त्यानें फ्यूज जाणें थांबतें हें खरें. पण माळ जर जास्त ताणली गेली तर ती कोठें तरी तुटणारच. सर्वांत कच्ची कडी आतां भिंतींत गिलाव्याखालीं, किंवा माळ्यावरच्या लांकडी तुळईवर, वीस वर्षांपूर्वीं पिळून जोडलेल्या एखाद्या सांध्यांत असते. तेथली ठिणगी कोणास दिसत नाहीं. जळका वास येतो तेव्हांच ती कळते.

गौरीगणपतीच्या दिवसांत याच दोषाचें दुसरें रूप दिसतें. मखराच्या रोषणाईसाठीं भिंतींतील एका प्लगांत एक बोर्ड लावतात, त्या बोर्डांत दुसरा, दुसऱ्यांत तिसरा. दिसण्यांत ही एकसर माळ वाटते, आणि म्हणून कित्येकांस वाटतें कीं वीज वांटली जाऊन भार कमी होत असेल. वस्तुतः त्या बोर्डांवरील सगळीं उपकरणें समांतरच आहेत. प्रत्येक आपला पूर्ण प्रवाह ओढतें, आणि त्या सर्वांची बेरीज पहिल्या बोर्डाच्या बारीक वायरींतून जाते. नुसते एल.ई.डी.चे दिवे असतील तोंवर ती बेरीज क्षुल्लक असते. ९ वॅटच्या दिव्यास अवघे ०.०४ अँपिअर लागतात. पण त्याच शेवटच्या बोर्डावर कोणी चहाची विजेची किटली किंवा इस्त्री लावली, कीं बारीक वायर तापूं लागते. ती जर सतरंजीखालून नेलेली असेल, तर तिची उष्णता जावयास वाटही नसते.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सर्वांत कमी लोकांस ठाऊक आहे. मोठ्या एकत्र घरांस बहुधा तीन फेजची वीज दिलेली असते: तळमजला एका फेजवर, माडी दुसऱ्यावर, पंप व मागची बाजू तिसऱ्यावर; न्यूट्रल मात्र सर्वांची एकच. प्रत्येक फेज व न्यूट्रल यांत २३० व्होल्ट. परंतु दोन फेजांत आपसांत सुमारें ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत आहे तोंवर तळमजला आणि माडी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. समजा, ती सामाईक न्यूट्रल मीटरजवळच्या सैल स्क्रूमुळें, किंवा वादळांत बाहेर खांबावर, तुटली. आतां प्रवाहास परत जावयास स्वतःची वाट उरली नाहीं. तो तळमजल्यांतून न्यूट्रलवर येतो आणि तेथून माडींतून दुसऱ्या फेजकडे जातो. म्हणजे कोणी कांहीं न करतां, समांतर असलेलीं दोन घरें क्षणांत एकसर झालीं, आणि तीं ४०० व्होल्टांवर!

हिशेब करून पहा. तळमजल्यावर आजी जप करीत बसली आहे. तेथें १०० वॅटचाच खर्च आहे, म्हणून रोध मोठा, ५२९ ओहम. माडीवर २००० वॅटचा गीझर चालूं आहे. त्याचा रोध अवघा २६ ओहम. तिसरी फेज सोपेपणासाठीं बाजूस ठेवूं. एकसर जोडणींत दाब रोधाच्या प्रमाणांत वांटला जातो. तेव्हां माडीच्या वांट्यास जेमतेम १९ व्होल्ट, आणि तळमजल्याच्या वांट्यास तब्बल ३८१! ज्यानें सर्वांत कमी वीज घेतली त्याच्याच माथ्यावर सर्वांत जास्त दाब. गांवांत एकाच रात्रीं चार घरांचे दूरदर्शन-संच जळाले आणि शेजारच्या घरांत दिवे नुसते मिणमिणले, असें जें ऐकूं येतें, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. म्हणून घरांतील सर्वांस, मुलांससुद्धां, हें एक लक्षण सांगून ठेवावें: घरांतील कांहीं दिवे एकाएकीं भलतेच प्रखर व कांहीं मंद झाले, तर कोठला दिवा बिघडला हें पाहत बसूं नये, तत्काळ मुख्य बटण बंद करावें आणि वायरमनास बोलवावें.

शेवटीं माणसाविषयीं. ओल्या अंगाचा रोध सुमारें १००० ओहम धरला, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात फेजला लागतांच त्याच्या देहांतून सुमारें ०.२३ अँपिअर प्रवाह जमिनींत जातो. हृदयाची लय बिघडवून प्राण घेण्यास तो पुरे आहे. परंतु १६ अँपिअरच्या कळीच्या दृष्टीनें तो जेमतेम सत्तरावा भाग आहे. तिला त्याची दादच लागत नाहीं. ती कळ तारांची राखण करते, माणसांची नव्हे. माणसासाठीं दोन उपाय आहेत. पहिला अर्थिंगचा: उपकरणाचें धातूचें अंग आधींच जाड तारेनें जमिनीशीं जोडून ठेवावें, म्हणजे अंगावर वीज उतरली तर तिला देहाशीं समांतर अशी अत्यंत कमी रोधाची वाट मिळते, आणि बहुतेक प्रवाह त्या वाटेनें निघून जातो. दुसरा उपाय आर.सी.सी.बी. या कळीचा. ती फेजनें किती गेलें व न्यूट्रलनें किती परत आलें याचा सतत ताळा पाहते. किर्खोफ यांच्या पहिल्या नियमानें दोन्ही सारखे हवेत. त्यांत ०.०३ अँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोणाच्या तरी देहांतून किंवा भिंतींतून वीज जमिनींत जात आहे असें समजून ती निमिषांत वीज तोडते.

मात्र तिच्या भरंवशावर निर्धास्त होऊं नये. एखाद्यानें एका हातानें फेज व दुसऱ्यानें न्यूट्रल धरली, तर गेलेला सगळा प्रवाह परत येतो, ताळा बरोबर जमतो, आणि त्या कळीस तो मनुष्य म्हणजे घरांत समांतर लागलेला आणखी एक दिवाच वाटतो.

तेव्हां वाचकहो, पावसाळा संपून सणांची रोषणाई सुरू होण्यापूर्वीं एक दुपार काढा, आणि परवाना असलेल्या वायरमनाकडून पुढील गोष्टी पाहून घ्या. सर्व बटणें फेजवर आहेत ना, न्यूट्रलवर कोठें फ्यूज राहिला नाहीं ना, न्यूट्रलचे स्क्रू घट्ट आहेत ना, फ्यूजांत योग्य जाडीचीच तार आहे ना, गीझर व विजेची चूल यांस स्वतंत्र शाखा व पुरेशी जाड तार आहे ना, अर्थिंगची तार जमिनीपर्यंत खरोखर पोंचते ना, आणि आर.सी.सी.बी. आहे ना. तिच्यावर तपासणीचें लहानसें बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून कळ उडते कीं नाहीं हें घरांतीलच कोणीं तरी पाहावें. हें काम एखाद्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावें. एकसर आणि समांतर हे शब्द मग त्यांस निराळे पाठ करावे लागणार नाहींत.